चला, तंबोऱ्यांच्या गावाला!

मुलांनो, आधी एक कोडं घालते. ओळखा पाहू!

शेतात पिकतो, पण भाजीला चालत नाही. पोट हे एवढं मोठं, पण पोटात काहीच नाही. तोंड नाही, जीभ नाही, तरी मोठमोठे गवई त्याच्याशी सूर जुळवल्याशिवाय गायला सुरुवात करत नाहीत. असा तो कोण?

‘भोपळा’ असं उत्तर दिलंत, तर अर्धे गुण. ‘तंबोऱ्याचा भोपळा’ म्हणालात, तर पैकीच्या पैकी! आणि हा भोपळा गायला शिकतो कुठे, हेही सांगितलंत, तर माझ्याकडून एक गुण जास्तीचा. त्या गावाचं नाव मिरज. सांगली जिल्ह्यातलं, कृष्णेच्या काठाजवळचं. आज आपण तिथंच जायचं आहे.

आम्ही चौघी मैत्रिणी डी.एड.ला एका वर्गात होतो. आता चार गावांच्या चार शाळांत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवलं, की पाठीवर एकेक सॅक टाकायची, ट्रंका-बॅगांचं लोढणं घ्यायचं नाही आणि कधीच न पाहिलेल्या गावाला जाऊन तिथलं गाणं-बजावणं ऐकायचं. चाकुरात आमच्या शेजारच्या आजींनी सॅक पाहिली आणि विचारलं, “काय गं, देवाला निघालीस का?”

“नाही आजी, मिरजेला. तंबोरे बघायला.”

आजी काळजीत पडल्या. “खरं सांग, दवाखान्यात कुणी हाय का? मिरजेला माणूस दवाखान्यालाच जातंय!”

आजींचंही बरोबरच होतं. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचा दवाखाना काढला आणि तेव्हापासून दवाखान्यांचं गाव म्हणून मिरजेची ख्याती झाली. पण आपल्या लातूर जिल्ह्याला मिरज आणखी एका गोष्टीसाठी लक्षात आहे. ती तुमच्या आईबाबांना विचारा. लगेच सांगतील.

ज्या रुळांवरून पाणी आलं

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूर शहरात घागरीसाठी रांगा लागत होत्या. तेव्हा तुमच्यापैकी काहीजण रांगत असतील, काहीजण जन्मलेही नसतील. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला चक्क रेल्वेनं पाणी आलं. ११ एप्रिलला पहिली गाडी मिरजेहून सुटली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला पोचली. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी! पुढे ५० टाक्यांची गाडी येऊ लागली. आता गुणाकार तुम्ही करा. गाडीला लोक ‘जलदूत’ म्हणायचे.

आम्ही निघालो तो रस्ता हाच. चाकूर तालुक्यातच लातूर रोड नावाचं जंक्शन आहे. नावात लातूर असलं, तरी शहर तिथून बरंच लांब आहे बरं का! तिथून लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, कवठेमहांकाळ असं करत गाडी मिरजेला जाते. लातूर ते मिरज अंतर सुमारे ३४० किलोमीटर.

पूर्वी या मार्गावर अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटीशी गाडी धावायची. तिचं नाव बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली ती कुर्डुवाडी आणि बार्शी यांच्यामध्ये सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेला. चालत्या गाडीतून उतरावं, थोडं चालावं आणि पुन्हा तीच गाडी पकडावी, असे तिचे विनोद आमचे आजोबा सांगायचे. आता सगळीकडे रुंद रूळ झाले आहेत. आणि ते झाले होते म्हणूनच २०१६ साली एवढं पाणी एका दमात येऊ शकलं.

पंढरपूरला गाडीत एक वारकरी बाबा चढले. खांद्यावर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली वीणा. आमच्यातली एक जण म्हणाली, “बाबा, वीणा इथं बाकावर ठेवा की.”

“मांडीवरच बरी हाय, माउली,” ते म्हणाले.

तुम्ही गावातला हरिनाम सप्ताह पाहिला असेल. सप्ताह चालू असताना वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस, पाळीपाळीनं. बाबांना विचारलं, वीणा कुठली? त्यांनी फडकं बाजूला करून भोपळ्यावर हात फिरवला. “मिरजेची. माझ्या वडलांनी आणली.”

आणि भोपळा कुठला? तर बाबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांत हे वाद्यांचे भोपळे पिकतात. म्हणजे बघा, भोपळा भीमेकाठचा, वीणा झाली मिरजेत आणि वाजते परत पंढरीच्या वाटेवर!

तलवारीचे हात सतारीला

मिरजेत आम्ही सॅक पाठीवर घेऊनच सतारमेकर गल्लीत गेलो. हो, गल्लीचं नावच तसं आणि तिथल्या कारागिरांचं आडनावही सतारमेकर! दुकानांच्या छतांना भोपळे टांगलेले, भिंतीला तंबोऱ्यांच्या दांड्या टेकवलेल्या, कुठे रंधा चालू आहे, कुठे लाखेच्या पॉलिशचा वास सुटला आहे, आणि मध्येच कुठूनतरी एक तार छेडल्याचा आवाज.

हा व्यवसाय इथं आला कसा? ती गोष्ट गमतीची आहे. या घराण्यांचे पूर्वज होते शिकलगार. म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे, हत्यारं दुरुस्त करणारे. इंग्रजी राज्य आलं आणि तलवारींचं काम कमी होत गेलं. आता पोट कसं भरायचं? मिरजेला पटवर्धनांचं संस्थान होतं. संस्थानिक गाण्याचे शौकीन. त्यांच्या दरबारात लांबलांबचे गवई येत. त्यांची वाद्यं उत्तर हिंदुस्थानातून आणलेली. ती प्रवासात मोडली, की दुरुस्त कोण करणार? म्हणून ती या हुशार हातांच्या कारागिरांकडे देऊ लागले, असं सांगतात. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या दोघा भावांनी दुरुस्ती करता करता वाद्याचं पोट, पाठ, कणा सगळं समजून घेतलं आणि १८५० च्या सुमारास स्वतःच सतारी-तंबोरे करायला लागले.

मला ही गोष्ट फार आवडते. काम गेलं म्हणून ते रडत बसले नाहीत. बोटांत कला होती, तिला दुसरं काम दिलं. आज त्यांच्या कितीतरी पिढ्यांनंतरचे वंशज त्याच गल्लीत बसून तारा जुळवताहेत.

कडू भोपळ्याचा गोड सूर

एका दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा काम करत होते. आम्ही चौघी दारात घुटमळताना पाहून म्हणाले, “या की बाई, बसा. बघायला पैसे पडत न्हाईत!”

मग त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं. तेच तुम्हाला सांगते.

तंबोऱ्याचा भोपळा कडू असतो. चाचा म्हणाले, “गोड भोपळा माणूस खातो, नाहीतर कीड खाते. हा कडू, म्हणून टिकतो.” तो वेलावर पूर्ण पिकू देतात, मग कित्येक महिने वाळवतात. वाळला, की वरचा भाग कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गर आणि बिया काढतात आणि आतून काड्यांचा ताण देऊन त्याला हवा तसा गोल आकार देतात. पुन्हा वाळवतात. पुन्हा वाट बघायची. घाई केली, तर पुढं तडा जातो.

मग लांब लाकडी दांडी येते. हिच्यासाठी तून नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात. भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर लाकडाची पातळ झाकणी बसते, तिला तबली म्हणतात. दांडी आणि भोपळा जिथं जुळतात, तिथं लाकडाची कोरलेली पानं लावतात. दिसायला नक्षी, पण जोडही पक्का होतो. वरच्या टोकाला खुंट्या, तबलीवर घोडी, तारांमध्ये बारीक मणी. खुंटी पिळली, की सूर ढोबळ जुळतो. मणी सरकवला, की बारीक जुळतो.

सतारीला पडदे असतात, त्यावर बोट दाबून गाणं वाजवता येतं. तंबोऱ्याला पडदेच नाहीत. त्यावर गाणं वाजत नाही. चार तारा एकामागून एक नुसत्या छेडायच्या: पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. संपेपर्यंत तेच. तुम्ही म्हणाल, मग त्याचा उपयोग काय? अहो, पोहायला शिकताना काठ जवळ असला, की कसं वाटतं? गवयाला तंबोरा तसा. कितीही दूर गेला, तरी ‘सा’ कुठं आहे हे तंबोरा सांगत राहतो.

आता खरी जादू. ती आहे घोडीत. घोडी म्हणजे तारांखालची छोटी चौकी. वरून सपाट वाटते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार थरथरते, तेव्हा त्या उताराला ती पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते आणि एका सुराच्या पोटातले वरचे बारीक बारीक सूर मोकळे होतात. या करामतीला म्हणतात जवारी. घोडी कानसून जवारी काढली, की तार आणि घोडीच्यामध्ये सुताचा एक साधा दोरा घालतात आणि पुढेमागे सरकवून पाहतात.

चाचांनी दोरा नसताना तार छेडली. ‘टण्’ असा कोरडा आवाज. मग त्यांनी दोरा घातला, तांदळाच्या दाण्याएवढा पुढं ढकलला आणि पुन्हा छेडली. मुलांनो, काय सांगू! जणू एका तारेतून दहा तारा बोलल्या. आवाज सुटला तो सगळ्या खोलीत भरून राहिला. समोर टांगलेल्या दुसऱ्या एका तंबोऱ्याची तार कुणी हात न लावता हलकेच गुणगुणायला लागली. दोघांचा सूर एकच होता ना, म्हणून. आमच्यातली जी सगळ्यात बडबडी, तीसुद्धा गप्प झाली.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “चाचा, हा उतार यंत्रावर मोजून नाही का करता येणार?”

“मोजा की. पण झाला का नाही, ते शेवटी कानालाच विचारावं लागतंय.”

चिंचेच्या झाडाखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. दर्ग्याच्या आवारात एका फार मोठ्या गवयाची कबर आहे. त्यांचं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेब जन्मले १८७२ साली, दूर उत्तरेला, कैराना नावाच्या गावी. त्यांच्या गाण्याच्या घराण्याला ‘किराणा’ म्हणतात ते त्या गावावरूनच, किराणा दुकानाशी त्याचा संबंध नाही! फिरत फिरत ते मिरजेला आले आणि इथलेच झाले. दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली बसून ते गात. वाद्यांची दुरुस्तीही त्यांना उत्तम येत असे. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मली आणि पुढे मोठी गायिका झाली. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी, ज्यांना २००८ साली भारतरत्न जाहीर झालं. खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून लहानगे भीमसेन गाणं शिकायला घरातून पळून रेल्वेत बसले होते. तुम्ही मात्र घरी सांगून जा हं!

१९३७ साली खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला रेल्वेनं निघाले होते. वाटेत बरं वाटेना, म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावरच अंथरूण घातलं, तंबोरा जुळवायला सांगितला आणि गात गातच त्यांनी प्राण सोडला, असं सांगतात. तो दिवस २७ ऑक्टोबर. त्यांना मिरजेला आणून याच दर्ग्यात दफन केलं. तेव्हापासून दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीसाठी संगीत सभा होते. मोठमोठे कलावंत इथं हजेरी लावतात आणि गावातले लोक जमिनीवर बसून ऐकतात. तिकीट नाही. उरूस चंद्राच्या तिथीनं येतो, म्हणून तारीख दरवर्षी बदलते. या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाचा मान पहिला असतो. तिकडे नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळातही असाच संगीत महोत्सव भरतो. देऊळ असो की दर्गा, तंबोरे एकाच गल्लीतून येतात!

आणखी एक गोष्ट, फटाके आवडणाऱ्यांसाठी. कुरुंदवाडच्या एका मुलाच्या डोळ्यांना फटाक्यानं इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं. दृष्टी पूर्वीसारखी झाली नाही, वाचन-लेखन अवघड झालं. मग इथंच त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. हाच मुलगा म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याआधी गाणं शिकायचं, तर गुरूच्या घरी राहावं लागे. त्यांच्यामुळे तुमच्याआमच्यासारख्या साध्या घरांतली मुलंमुलीही फी भरून, वर्गात बसून गाणं शिकू लागली. आज तुमच्यापैकी कुणी ‘प्रारंभिक’ची परीक्षा देत असेल, तर त्या मुलाची आठवण ठेवा.

पुढचा दोरा कोण सरकवणार?

संध्याकाळी निघताना आम्ही परत चाचांकडे गेलो. मी विचारलं, “तुमच्या घरातली मुलं हे काम शिकतात का?”

ते थोडा वेळ तार पुसत राहिले. मग म्हणाले, “मुलगा नोकरीला लागला, चांगलं झालं. पुतण्या बसतोय माझ्याबरोबर. हात बसायला वर्षं लागतात बाई. आणि तोवर घर चालायला पाहिजे ना?”

आता तंबोऱ्याच्या आवाजाची छोटी विजेवरची पेटी मिळते. मोबाईलवरही तंबोरा ऐकता येतो. एकट्यानं रियाज करणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग होतो, हे खरंच. वाहून न्यायला सोपं, फुटायची भीती नाही. पण सगळ्यांनीच पेटीवर काम भागवलं, तर भीमाकाठचा शेतकरी कडू भोपळे कशाला लावेल? आणि गल्लीत जवारी काढायला कोण बसेल?

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मिरजेत, तिथल्या रीतीनं तयार झालेल्या वाद्यालाच ‘मिरजेचं’ म्हणायचं, दुसऱ्या कुणी ते नाव वापरायचं नाही, असं कायद्याचं संरक्षण. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही ते मिळालं आहे. मानांकनानं नाव राखलं जातं. हात राखायचे, तर ते वाद्य कुणीतरी वाजवायला हवं आणि कुणीतरी ऐकायला हवं. ते काम सरकारचं नाही, आपलं आहे.

आता सुट्टीसाठी तुम्हाला दोन कामं देते.

पहिलं, एक रबरबँड दोन बोटांत ताणून छेडा. मग तोच एका रिकाम्या, उघड्या डब्याच्या तोंडावर ताणून बसवा आणि छेडा. आवाज का वाढला? डब्यातली हवा आणि डब्याच्या बाजू रबराबरोबर थरथरतात म्हणून. तंबोऱ्यात भोपळा हेच काम करतो. मग एका बाजूला रबराखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवून पाहा. आवाज बदलतो का? तुमचं तुम्हीच शोधा आणि वहीत लिहून ठेवा.

दुसरं काम जरा मोठं आहे. तुमच्या गावच्या देवळात वीणा असेल, भजनी मंडळात एकतारी असेल, शाळेच्या कपाटात एखादा धूळ खात पडलेला तंबोराही असेल. मोठ्या माणसांची परवानगी घ्या आणि तो नीट बघा. भोपळा कुठून आला, कुणी केला, कुणी आणला, शेवटचा कधी दुरुस्त झाला, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तार तुटली असेल, तर तार बदलून घ्या. तारेला फार पैसे लागत नाहीत. आणि मग कुणालातरी त्या तारा छेडायला सांगा, जवळ बसा, डोळे मिटा आणि पाच मिनिटं काही बोलू नका.

बस्स, एवढंच. ऐकू काय आलं, ते मला पत्रानं जरूर कळवा.